रेश्माची फळी

आमच्या घरात त्या वस्तूला कोणी बोर्ड म्हटलं नाही. रेश्मा म्हणायची, पण ती एकटीच. बाबांनी पहिल्या दिवशी फळी म्हटलं आणि मग आईने आणि मीही तेच धरलं. रेश्मा चिडायची, मला बजावायची की ताये, निदान तू तरी नीट नाव घे. मी हो म्हणायचे आणि दुसऱ्या घटकेला पुन्हा फळी म्हणायचे. आज हे लिहिताना बोर्ड असं लिहून बघितलं, पण ते दुसऱ्या कोणाच्या घरातलं वाटतं, म्हणून खोडलं. माझी मुलगी सातवीत आहे. तिच्या गेल्या वर्षीच्या वहीची मागची पानं कोरी राहिली होती, त्यात लिहिते आहे. ती शाळेत गेली की लिहायचं आणि वही तांदळाच्या डब्यामागे ठेवायची.

आमचं घर मालवणच्या खालच्या अंगाला, खाडी आणि समुद्र यांच्या मधल्या पट्टीवर. पुढच्या दाराने समुद्र ऐकू यायचा आणि मागच्या दाराने खाडी. समुद्राचा आवाज दिवसभर एकच, पण खाडीवर माणसांचे आवाज, होड्यांच्या मशीनचे आवाज, आणि मासळी वाळत घातली की कावळ्यांचा गोंधळ. बाबांची स्वतःची होडी होती. आई पाटी घेऊन मालवणच्या बाजारात बसायची. माझी चौथी झाली त्या उन्हाळ्यात रेश्मा जन्मली आणि ती दोन महिन्यांची होताच आईला बाजारात जावं लागलं, मग तिला कोण बघणार, म्हणून मी घरी राहिले. त्याचं मला तेव्हा वाईट वाटलं नाही. शाळेत बाईंनी काही विचारलं की माझा गळा बंद व्हायचा. रेश्मापुढे तो बंद होत नसे. तिला कडेवर घेऊन मी जाळी शिवायला शिकले, एका हाताने भात ढवळायला शिकले. ती पहिला शब्द बोलली तो ताये. आई त्यावरून मला हसत म्हणायची की बाळंतपण माझं आणि पोर तुझं.

मी सांगते आहे त्या मे महिन्यात रेश्मा अठरा वर्षांची होती आणि मी सत्तावीस. माझ्या बरोबरीच्या मुली दोन दोन मुलं घेऊन माहेरपणाला यायच्या. मला बघायला माणसं यायची, मी पोहे ठेवून आत जायचे ती बाहेर येतच नसे, आणि ती माणसं चहा पिऊन निघून जायची. रेश्मा अगदी उलट. किनाऱ्यावर बाहेरगावच्या एका माणसाने झावळ्यांची शेड घालून पर्यटकांना फळीवरून लाटांवर उभं राहायला शिकवण्याचा धंदा सुरू केला, तेव्हा ही चौदाची होती. आधी बघत बसायची, मग फळ्या उचलून ठेवायला लागली, मग एक दिवस पाण्यात. सगळे त्या माणसाला सर म्हणत. दोन वर्षांत सरांपेक्षा रेश्माकडे शिकायला बायका जास्त यायला लागल्या.

आईला हे पटलं नव्हतं. आमच्याकडे बाईमाणूस होडीवर चढत नाही. मासळी उतरवायला, जाळी धुवायला सगळ्या बायका, पण होडीत पाय ठेवायचा नाही. आई म्हणायची, "होडीर बाईमाणसान पाय ठेवचो नाय म्हणतंत, आणि ह्या चेडू दर्यार उभा ऱ्हवता." बाबा त्यावर काही बोलत नसत. मग एकदा ते सकाळी मासेमारी करून परत येत होते आणि रेश्मा त्यांच्या पुढ्यातच एका लाटेवर उभी राहून किनाऱ्यापर्यंत गेली. होडीवरच्या माणसांनी मला सांगितलं की बाबांनी मशीन बंद केलं आणि बघत राहिले. घरी आले, जेवायला बसले. त्या दिवशी बांगड्याचं तिरफळ घातलेलं कालवण होतं. जेवण अर्धं झाल्यावर आईला एवढंच म्हणाले, "तेका पाणी कळता. माका कळाक दहा वर्सां लागली." आईने त्यांना आणखी भात वाढला. त्यानंतर तिने तो होडीचा विषय काढला नाही.

सर त्या वर्षी चार मुलींना श्रीलंकेला घेऊन जाणार होते. आमचा पावसाळा सुरू झाला की इथला समुद्र बंद, पण तिथे एका बाजूला तेव्हाच चांगल्या लाटा असतात म्हणे. महिनाभर तिथे राहायचं आणि शिकवायला शिकायचं. पासपोर्ट झाला. जाण्यायेण्याचं आणि राहण्याचं सर बघणार होते, पण फळी आणि बाकीचं सामान ज्याचं त्याने आणायचं, कारण शेडमधल्या फळ्या शिकाऊ लोकांच्या, जाड आणि लांब, त्या तिथल्या लाटांना चालणार नव्हत्या. सरांच्या ओळखीची एक परदेशी बाई गोव्यात खोली घेऊन राहत होती. ती आपल्या देशात परत चालली होती आणि तिला तिची फळी सोबत न्यायची नव्हती. ती कमी पैशात द्यायला तयार झाली.

आमच्या शेजारचा मासळीचा टेम्पो गोव्याला जायचा. बाबा आणि रेश्मा पुढे बसले, आणि मी नको नको म्हणत असताना रेश्माने मलाही आत ओढलं. मी गोवा तेव्हा पहिल्यांदा बघितला आणि तोही मासळी उतरवायच्या जागा आणि त्या बाईचं अंगण एवढाच. बाबांनी फळी होडी घेताना बघतात तशी बघितली. उलटी करून पाठीची रेघ सरळ आहे का ते एक डोळा मिटून बघितलं. बोटाने सगळीकडे वाजवली. नाक लावून वास घेतला. मग रेश्माला म्हणाले की हिच्यात पाणी शिरलं तर काढायचं कुठून, ते विचार. रेश्माने विचारलं. बाई हसायला लागली आणि बाबांचा हात धरून हलवला. मी आमच्याकडून सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, पिशवी आणि कोकमाच्या आगळाची बाटली नेली होती. ती तिला द्यायची होती, पण मी परत टेम्पोत बसेपर्यंत ती माझ्याच मांडीवर होती. रेश्माने ती घेतली आणि धावत जाऊन देऊन आली.

येताना फळी टेम्पोच्या मागच्या भागात, रिकाम्या बर्फाच्या खोक्यांवर, गोधडीत गुंडाळलेली. बांद्याच्या नाक्यावर गाडी थांबवली. गोव्याहून येणाऱ्या गाड्यांत दारू आहे का ते तिथे बघतात. शिपायाने मागे चढून गोधडी उचलली आणि आत काय भरलं आहे ते विचारलं. बाबा साहेबलोकांशी बोलताना शुद्ध बोलायचा प्रयत्न करतात, पण तेव्हा राहिलं. म्हणाले, "आत वारो आसा, सायब." शिपायाने खरंच फळीवर टकटक केलं आणि कान लावला. मग रेश्माने त्याला ती कशासाठी असते ते सांगितलं. तो तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघत म्हणाला की पडलीस तर? रेश्मा म्हणाली की पडते की, रोज पडते. त्याने गोधडी पुन्हा नीट घालून दिली.

पुढचे पंधरा दिवस आमचं घर त्या फळीभोवती फिरत होतं. ती मागच्या पडवीत, जिथे कधीच ऊन येत नाही तिथे, दोन खुंट्यांवर आडवी. येता जाता आमची डोकी तिला आपटायची. तिच्याखाली माशाला असतात तसे तीन पर बसवायचे होते, ते मालवणात मिळेनात, शेवटी सरांनी कुठून तरी मागवले. पायाला बांधायची दोरी सोबत आली होती, पण बाबांनी ती ओढून बघितली, मान हलवली आणि गळाची जाड दोरी घेऊन तशीच दुसरी तयार केली. रेश्माने ती त्यांच्यासमोर बॅगेत भरली. वरच्या बाजूला मेण घासायचं असतं, पाय घसरू नये म्हणून. त्या मेणाला नारळाच्या वड्यांसारखा वास. आईने एकदा त्याचा तुकडा चुकून तोंडात टाकला आणि तो विषय आम्ही पुढे कितीतरी दिवस पुरवला. पाण्यात घालायचे पूर्ण बाह्यांचे कपडे मी शिवले. मापाला रेश्मा उभी राहायची ती एका जागी राहतच नसे, आणि मी तोंडात टाचण्या धरून तिच्यावर ओरडायचे. माझ्या ओरडण्याचा आवाज वाडीत फक्त तिनेच ऐकला असेल.

राहिली होती पिशवी. विमानात फळी द्यायची तर तिला आतून मऊ पिशवी हवी. विकतची फार महाग, म्हणून मी म्हटलं मी करते. पावसात होडीवर घालायचं काळं ताडपत्रीचं कापड बाबांकडे शिल्लक होतं. आतून जुनी गोधडी उसवून तिचे थर लावले. सुई जाळ्याची आणि दोरा नायलॉनचा, कारण शिवणयंत्राची सुई मोडली. सात दिवस लागले. माझ्या हातून झालेल्या कामांत ते मला अजूनही सगळ्यात चांगलं वाटतं. पण त्या कापडाला मासळीचा वास होता. तो मला येत नव्हता, रेश्माला आला. म्हणाली काही हरकत नाही. पण परदेशात माझ्या बहिणीच्या सामानाला वास यावा हे मला नको होतं. जायच्या दोन दिवस आधी ती सरांबरोबर कागदांच्या कामाला कुडाळला गेली, तेव्हा मी पिशवी रिठ्याच्या पाण्यात धुतली.

आता आमच्याकडे एक रीत आहे. कोणतीही वस्तू लांब पाठवायची किंवा पावसाआधी माळ्यावर टाकायची, तर तिला आधी वत दाखवायचं. वत म्हणजे ऊन. पापड, सुकी मासळी, गोधड्या, जाळी, तांदूळ, काजूच्या बिया, होडीसुद्धा. वत दाखवलं की वस्तू टिकते. हे मला कोणी शिकवलं नाही, जसं पाणी प्यायला कोणी शिकवत नाही. ओली पिशवी मी अंगणातल्या वाळूत घातली, पण ती आखडायला लागली. आकार बिघडेल म्हणून मी पडवीतून फळी काढली, पिशवीत घातली, तोंड बांधलं आणि भर उन्हात सुक्या बांगड्यांच्या चटईशेजारी ठेवली. कावळे बसू नयेत म्हणून वर जुनं जाळं टाकलं. मला वाटलं, दोघींनाही वत लागेल. मग मी फणसाचे गरे काढायला बसले. हाताला चीक, त्यामुळे उठले नाही.

दुपार कलताना मी पिशवी उघडली. आतून भट्टीसारखी वाफ आली. फळीची वरची बाजू मधोमध फुगली होती, तव्यावर भाकरी फुगते तशी, दोन हात लांब. मी तळवा ठेवला तर तो खाली गेला आणि सोडल्यावर पुन्हा वर आला.

त्या क्षणी मला काय वाटलं ते मी कोणालाच सांगितलं नव्हतं. आता तिला जाता येणार नाही असं मनात आलं आणि बरं वाटलं. एका श्वासापुरतं. त्यानंतर रडू आलं तेही खरं होतं. पण पहिलं आलं ते बरं वाटणं.

रेश्मा संध्याकाळी आली. मी फळी परत पडवीत ठेवली नव्हती, अंगणातच ठेवली होती, म्हणजे सांगावं लागू नये. तिने बॅग खाली टाकली, फळीशेजारी गुडघ्यांवर बसली आणि फुगलेला भाग दाबला. आतून सुटल्यासारखा बारीक आवाज आला. मी काय केलं ते आईनेच तिला सांगितलं आणि वर हेही सांगितलं की आता नशिबात नाही तर नाही, पुढच्या वर्षी बघू. आईचा आवाज जरा जास्तच मऊ होता. रेश्माने तिच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. "ताये, मी ही सावलीत कित्या ठेवलंय होती?" मला वाटलं होतं की ती लाडाने ठेवते. मग तिने हळू आवाजात विचारलं, "खरा सांग. मी जाव नये असा तुका वाटता काय?"

तो प्रश्न रागाचा असता तर बरं झालं असतं. तो तसा नव्हता. ती खरंच विचारत होती. माझा गळा शाळेत बंद व्हायचा तसा बंद झाला. तिच्यापुढे आयुष्यात पहिल्यांदा. मी आत गेले आणि भात चढवला. त्या दिवशी कोणी नीट जेवलं नाही.

सकाळी ती सरांकडे गेली, दुसरी फळी मिळते का बघायला, आणि मिळणार नाही हे तिलाही माहीत होतं. ती गेल्यावर मी फळी डोक्यावर घेतली आणि जेटीवर इनास काकांच्या शेडकडे चालायला लागले. इनास काका फायबरच्या होड्या दुरुस्त करायचे. आता ते नाहीत. वाडीतून फळी डोक्यावर घेऊन जाताना प्रत्येक दारातून कोणीतरी विचारलं, आणि मी प्रत्येकाला मान हलवली. पावसाआधीचे दिवस, शेडबाहेर सहा सात होड्या पालथ्या पडलेल्या, सगळ्यांना घाई. इनास काकांनी मला बघितलं आणि विचारलं, "ह्या काय हाडलंस गो? होडी काय मोरी?" मोरी म्हणजे शार्क मासा. आजूबाजूची माणसं हसली. मी फळी वाळूत ठेवली आणि शेजारी उभी राहिले. ते कामाला लागले. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, मी पुन्हा गप्प. तिसऱ्यांदा त्यांनी ब्रश खाली ठेवला आणि म्हणाले, "मुकी आसस काय? बापाशीक धाड." मी परत फिरले असते तर सगळं तिथेच संपलं असतं. बाबा समुद्रावर होते, ते यायला दुपार, मग दुसऱ्या दिवशी सकाळी रेश्माची गाडी. कोणी मला दोष दिला नसता. तेच तर वाईट होतं.

मी बोलले. काय बोलले ते पाठ आहे, कारण ते फार नव्हतं. "काका, ही माझ्या हातान बिघाडली. रेश्माक फाल्यां जावचा आसा. होड्यांका वेळ लागलो तर लोकांका माझा नाव सांगा." फाल्यां म्हणजे उद्या. माझा आवाज मलाच मोठा वाटला. शेडमध्ये कोणी हसलं नाही.

त्यांनी फळी उलटी सुलटी करून बघितली आणि विचारलं की आत थर्माकोल आहे का. मला कुठे माहीत. म्हणाले, "थर्माकोल असात तर माझा औषध तेका खाऊन टाकतला. मगे रेश्मा माका खातला." त्यांनी एका टोकाला बारीक भोक पाडलं, होडीच्या औषधाचा, म्हणजे फायबर चिकटवायच्या रसायनाचा, एक थेंब आत सोडला आणि विडी पेटवली. विडी संपेपर्यंत आम्ही दोघं त्या भोकाकडे बघत होतो. मग त्यांनी तार आत घालून बघितली. आतलं तसंच घट्ट होतं. "थर्माकोल नाय," म्हणाले, आणि माझ्या हातात कानस दिली.

फुगलेल्या भागावर दोन ओळींत भोकं पाडली. गुरांना टोचतात तसल्या मोठ्या सुईने औषध आत भरलं. मग प्लॅस्टिक पसरून त्यावर वाळूच्या पिशव्या ठेवल्या, आणि त्याही कमी पडल्या तेव्हा मी धावत घरी जाऊन बाबांच्या जाळ्याची शिशाची वजनं आणली. औषध उन्हात लवकर घट्ट होतं, पण फळीला आता ऊन नको, म्हणून काकांनी तिच्यावर छत्री धरून मला उभं केलं. मी दुपारपर्यंत छत्री धरून उभी होते आणि रस्त्याने जाणारे सगळे बघत होते. मग वजनं काढली. फुगा बसला होता. पूर्ण सपाट नव्हता, बोट फिरवलं तर एक उंचवटा लागायचा. वरून त्यांनी फायबरचं कापड चिकटवलं आणि घासायचं काम मला दिलं. त्या पांढऱ्या भुकटीने हात कोपरापर्यंत पेटले. काका म्हणाले खाजवू नको, थंड पाण्याने धू. पैशांचं विचारलं तर म्हणाले की तुझं नाव लोकांना सांगायचं ठरलं ना, ते पुरे झालं.

फळी घरी आणली तेव्हा रेश्मा आली होती. ती चिकटवलेल्या जागेवरून कितीतरी वेळ हात फिरवत राहिली. मग पाण्यात घेऊन गेली. मी आणि आई किनाऱ्यावर उभ्या. तिसऱ्या लाटेवर ती उभी राहिली, वाकडीतिकडी झाली, पण पडली नाही. बाहेर येऊन म्हणाली की डावीकडे ओढते, पण सवय होईल. आईने त्या ठिगळावर हळदकुंकू लावलं आणि आत जाऊन प्रवासासाठी तांदळाच्या भाकऱ्या थापायला बसली. भाकऱ्यांचा आवाज मला अंगणात ऐकू येत होता. नेहमीपेक्षा जोरात होता.

सकाळी सरांची गाडी वरच्या रस्त्यावर आली. आमच्या घरापर्यंत गाडी येत नाही, वाळूतून आणि माडांतून पाच दहा मिनिटं चालावं लागतं. बाबांनी बॅग घेतली आणि पुढे गेले. आई दारातच थांबली. पिशवीतली फळी पडवीत आमच्या दोघींच्या मध्ये होती. रेश्मा चप्पल घालत होती, खाली बघत होती. मला कळलं की ती गेली तर तो प्रश्न इथेच पडून राहणार आणि मग रोज माझ्या पायात येणार.

मी म्हटलं, "परवा इचारलंस तेचा. होय. वाटला होता."

ती वर बघायला तयार नव्हती. "थोडा काय बराच?"

"बराच."

तिने चपलेचा पट्टा लावला. मग म्हणाली, "माका ठावक होता. माका पण भिया वाटता गो ताये, कोणाक सांगा नको." आणि उठून पिशवीचं पुढचं टोक धरलं. "धर ती बाजू. जड झाली आसा."

मी मागचं टोक उचललं. खरंच जड झाली होती.